भक्ती आणि बेरीज

लता मंगेशकर यांचे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले. त्यानंतरच्या मृत्युलेखांत पंचवीस-तीस हजार गाण्यांचा आकडा पुन्हा अनेक ठिकाणी दिसला. त्याचा उगम जुना आहे. १९४८ ते १९७४ या काळात त्यांनी निदान पंचवीस हजार गाणी ध्वनिमुद्रित केली, अशी नोंद गिनेस बुकाच्या १९७४ च्या आवृत्तीत होती. महंमद रफी यांनी तीस हरकत घेतली, वाद वाढला आणि १९९१ मध्ये ती नोंदच वगळण्यात आली. मराठी मनाला मात्र तो आकडा सोडवत नाही.

साधे त्रैराशिक मांडून पाहावे. सव्वीस वर्षांत पंचवीस हजार म्हणजे वर्षाला साडेनऊशेच्या वर. आजारपण नाही, सणवार नाही, दररोज अडीचहून अधिक गाणी. त्या काळी हिंदीत वर्षाला साधारण शंभर-सव्वाशे चित्रपट निघत. प्रत्येकात सात-आठ गीते धरली तरी सर्व गायक-गायिकांचे मिळून होणारे उत्पादन फार तर हजाराच्या घरात जाते. रफी, मुकेश, तलत, गीता दत्त, आशा भोसले हे सारे त्यातच आले. अन्य भाषांतील गीते जमेस धरूनही हिशेब जुळत नाही.

हा हिशेब तपासला तो चाहत्यांनी, आणि तोही पदरमोड करून. हे चाहते कोणत्या परिस्थितीत घडले ते आष्टीसारख्या तालुक्याच्या गावाकडे पाहिले असता ध्यानी येते. बीड जिल्ह्याच्या या अवर्षणग्रस्त टोकाला आगगाडी आली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी, लताबाई गेल्यानंतर सात महिन्यांनी. अशा गावी गाणे येई ते मुख्यतः रेडिओवरून. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर (तेही मराठीच!) यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले, तेव्हा श्रोत्यांनी लघुलहरींवर रेडिओ सिलोन शोधून काढले. परवान्याचे पैसे आपल्या टपाल कचेरीत भरायचे आणि गाणे मात्र परक्या देशाच्या केंद्रावर ऐकायचे, असा तो व्यवहार होता. खरखरीतून कानी पडलेली चित्रपटाची, गीतकाराची, संगीतकाराची नावे वहीत टिपून ठेवणारा शिक्षक वा कारकून त्या पिढीत दुर्मीळ नव्हता.

अशा टिपणांना शास्त्राची शिस्त लावली ती कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी. त्यांच्या ‘हिंदी फिल्म गीत कोशा’चा १९५१ ते १९६० या दशकाचा खंड १९८० मध्ये निघाला, पुढे दशकवार इतर खंड आले. त्यांच्या ‘लिसनर्स बुलेटिन’मुळे ठिकठिकाणचे श्रोते एकमेकांशी जोडले गेले. मुंबईचे विश्वास नेरूरकर यांनी ‘गंधार स्वरयात्रा’ या ग्रंथात केवळ लताबाईंच्या गीतांची सूची सिद्ध केली.

हे काम किती किचकट! १९४९ च्या ‘महल’मधील ज्या गीताने लताबाईंचे नाव देशभर झाले, त्याच्या तबकडीवर प्रथम गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या भूमिकेचे नाव. १९४२ मध्ये ‘किती हसाल’ या मराठी चित्रपटासाठी त्यांनी गायलेले पहिले गीत तर चित्रपटातून गाळले गेले. जे प्रेक्षकांच्या कानी पडलेच नाही, ते कोणत्या रकान्यात मांडावयाचे? असे प्रश्न सूचिकारापुढे पानोपानी उभे राहतात, आणि त्यांची उत्तरे देण्यासाठी त्यास कोणी वेतन देत नाही.

या खटाटोपातून लताबाईंच्या हिंदी चित्रपटगीतांचा आकडा पाच हजारांच्या आसपास येऊन स्थिरावला. काहींना त्यात अवमान वाटला. वस्तुतः फुगवलेला आकडा उच्चारण्यास एकही गाणे ऐकावे लागत नाही. पाच हजारांची यादी करणाऱ्यास प्रत्येक गाण्यापाशी थांबावे लागते. ज्याला आपल्या गायिकेचे गाळलेले गीतही हरवू द्यावयाचे नाही, त्याच्या निष्ठेवर शंका घेणे अन्यायाचे आहे.

आज हवे ते गाणे मोबाइलवर क्षणात ऐकता येते. त्याखाली गीतकाराचे नाव पुष्कळदा नसते, आणि असले तरी त्याची खातरजमा करावयाची तर कानपूरच्या त्या जाडजूड खंडांचीच पाने उलटावी लागतात.