नाव गुप्त, पावती उघड

पॉवरलूमवर काम करणाऱ्या माणसाकडून संशोधक दोन कागदांवर सही घेतो. पहिल्या कागदावर लिहिलेले असते की तुमचे नाव कुठेही येणार नाही, तुम्ही काय सांगितले ते मालकाला कळणार नाही, एखाद्या प्रश्नाचे उत्तर नको वाटले तर देऊ नका. दुसरा कागद बुडालेल्या मजुरीपोटी दिलेल्या पैशांची पावती. तिच्यावर नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि सही किंवा अंगठा. पहिला कागद नीतिमत्ता समितीला लागतो, दुसरा लेखापरीक्षकाला. दोन्ही एकाच माणसापुढे पाच मिनिटांच्या अंतराने, लूमच्या खडखडाटात ठेवले जातात. तो दोन्हीकडे बघतो, अंगठा टेकवतो आणि तुटलेला धागा जोडायला वळतो. वाद होतो तो पुढे, कॉलेजच्या संशोधन कक्षात.

हा कक्ष बऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात आहे. दोन कपाटे, एक प्रिंटर, नॅकच्या जाडजूड फायली आणि संशोधनाच्या हिशेबाबरोबरच शिष्यवृत्तीचे अर्जही बघणारे एक बडे बाबू. मी तिथला नोकर नाही. कॉलेजच्या नीतिमत्ता समितीत शास्त्र न शिकलेल्या, बाहेरच्या माणसाची एक जागा असते, त्या जागेवर मी बसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे म्हणतात की समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा, डॉक्टर, कायदा जाणणारा, समाजशास्त्राचा माणूस आणि एक सामान्य नागरिक असावा. आमच्या गावात डॉक्टर आणि वकील चटकन मिळाले. सामान्य नागरिक शोधायलाच वेळ लागला, कारण बैठकीला चहाशिवाय काही मिळत नाही.

प्रकल्प होता पॉवरलूम कामगारांच्या आरोग्याचा: ऐकू येणे, खोकला, पाठ, झोप, पाळीचे तास. प्राध्यापकांना पैसा दिल्लीच्या एका संस्थेकडून मंजूर झाला होता. आजकाल ही गोष्ट सोपी राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची लघुशोध प्रकल्पांची योजना चालू होती तोवर लहान गावातल्या प्राध्यापकाला एक दार उघडे होते. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विज्ञानासाठी ५ लाख आणि इतर विषयांसाठी ३ लाख अशी कमाल मर्यादा होती. कॉलेज आयोगाच्या कायद्यातल्या कलम २(फ) आणि १२(ब) मध्ये बसले की अर्ज करता येई. ते दार पुढे मिटले. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आले, ५ वर्षांत ५० हजार कोटींची भाषा आली. ते आकडे ऐकायला बरे वाटतात. बडे बाबूंच्या कपाटात मात्र अजून जुन्या लघुशोध प्रकल्पांच्याच फायली जास्त आहेत, काहींचा हिशेब न मिटलेला, प्राध्यापक निवृत्त झालेले. मधल्या काळात विद्यापीठही बदलले. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाकडे बघायची सवय असलेल्या या पट्ट्यासाठी २०२४ मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झाले. पत्ता बदलला, शिक्का बदलला, मागण्याचे तक्ते तेच.

बडे बाबूंचे काम बघायचे तर मार्च-एप्रिलमध्ये जावे. समोर केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतला नमुना १२-अ म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र असते, ज्याला सगळे नुसते 'यूसी' म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, मिळालेले अनुदान, मंजुरीपत्राचा क्रमांक आणि तारीख, व्याज, खर्च, उरलेली रक्कम. एक पानाचा तक्ता आहे, पण त्याच्या पोटात बुटांच्या खोक्यात भरलेल्या दोनशे चिठ्ठ्या असतात. रिक्षावाला बिल देत नाही. लालबागच्या स्टेशनवरून शनवाऱ्यापर्यंत शेअर रिक्षाने आलेल्या मदतनिसाचे पैसे कुठल्या कागदावर दाखवायचे? शाळकरी वहीच्या पानावर? बाबूंनी त्यासाठी एक छोटा छापील नमुना केला आहे: तारीख, कुठून कुठे, कशासाठी, बिल का नाही, प्रवास करणाऱ्याची सही, प्राध्यापकांची सही. हा नमुना कुठल्याही नियमात नाही, पण लेखापरीक्षकाने तो अजून नाकारलेला नाही. प्रत्येक पावतीवर रेव्हेन्यू तिकीट चिकटवायची बाबूंची जुनी सवयही आहे. २००४ पासून रोख पावतीला तिकीट फक्त ५ हजारांच्या वरच लागते हे त्यांना माहीत आहे. तरी ते लावतात. "एक रुपयाचं तिकीट, साहेब. त्याच्यापायी पत्र यायला नको."

व्याजाची गंमत वेगळी. अनुदान बचत खात्यात पडून राहिले की व्याज चढते आणि नियम २३०(८) प्रमाणे ते हिशेब पूर्ण होताच केंद्राच्या एकत्रित निधीत भरावे लागते. भारतकोश पोर्टलवर जायचे, खाते निवडायचे, चलन काढायचे, त्याची प्रत यूसीला जोडायची. रक्कम काही शे रुपयांची असते आणि तिच्यासाठी अर्धा दिवस जातो, कारण पोर्टलवर योग्य मंत्रालय आणि योग्य शीर्ष सापडायलाच वेळ लागतो. काही योजनांत आता शून्य शिल्लक खाते आहे, तिथे व्याजाचा प्रश्नच उठत नाही, पण मग पैसे काढण्याची मर्यादा वरून मिळेपर्यंत प्राध्यापक स्वतःच्या खिशातून खर्च करतात. बाबूंच्या मते पहिली पद्धत बरी. व्याज परत करता येते, प्राध्यापकांची उधारी मागता येत नाही.

खरेदीवर फार बोलण्यासारखे नाही. २०१७ च्या मूळ वित्तीय नियमांत २५ हजारांपर्यंत कोटेशन न घेता आणि अडीच लाखांपर्यंत तीन जणांच्या समितीमार्फत वस्तू घेता येत होत्या. २०२५ च्या जूनमध्ये अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक विभागांच्या संस्थांसाठी कोटेशनविना खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली. ज्याला प्रयोगशाळा चालवायची आहे त्याला यातून मोकळा श्वास मिळाला. आमच्या प्रकल्पात घ्यायचे होते आवाज मोजायचे एक यंत्र आणि कागदाची रिमे. एवढी वस्तू घेताना कोणी अडत नाही. अडचण माणसे 'घेताना' येते.

समितीच्या बैठकीत पहिला प्रश्न पैशांचाच आला. विणकराला मजुरी मीटरवर मिळते. अर्धा तास तो आमच्याशी बोलला तर लूम थांबतो किंवा शेजारच्याला बघायला सांगावे लागते, आणि हप्त्याला तेवढे मीटर कमी भरतात. त्यामुळे मोबदला द्यायला हवा, यावर एकमत होते. किती, यावर नव्हते. वकील म्हणाले, जास्त दिले तर तो पैशांसाठी हो म्हणेल. डॉक्टर म्हणाले, कमी दिले तर तो फुकट राबला. शेवटी अर्ध्या पाळीच्या मजुरीवर बोलणे थांबले. दुसरा प्रश्न भाषेचा होता. हिंदी आणि उर्दू संमतीपत्र तयार होते. खकनारकडून आलेल्या कामगारांमध्ये कोरकू बोलणारेही होते, त्यांना वाचून दाखवायला कॉलेजचाच एक विद्यार्थी मिळाला. न वाचता येणाऱ्याकडून अंगठा घ्यायचा तर ज्याचा या कामात हितसंबंध नाही असा साक्षर साक्षीदार हजर हवा. आणि मान्यतेच्या तारखेआधी एकही मुलाखत नको, कारण समितीची मान्यता मागच्या तारखेपासून देता येत नाही. प्राध्यापकांनी त्याआधी 'नुसते बघायला म्हणून' काही लोकांशी बोलून ठेवले होते. ती पाने बाजूला काढायला सांगितली. ते नाराज झाले, पण काढली.

मग आली ती पावती. बाबूंनी सरळ विचारले, "नाव नसलेल्या माणसाला पैसे दिले हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" प्रश्न योग्य होता. लेखापरीक्षकाला खोटी नावे पकडायची असतात, आणि खोटी नावे असतातच. उत्तरदात्यांच्या नावाने पावत्या फाडून पैसे घरी नेल्याचे किस्से प्रत्येक गावात आहेत. नाव आणि फोन नंबर मागणारा नियम त्यांच्यासाठी आहे. पण दिल्लीत बसून नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संशोधक, उत्तरदाता आणि लेखापाल ही तीन एकमेकांना अनोळखी माणसे असतात. बऱ्हाणपुरात ती नसतात. बाबूंचे घर विणकरांच्या गल्लीपासून दोन वळणांवर आहे. लूमवाल्या सेठचा पुतण्या याच कॉलेजात बी.कॉम.ला आहे. पावत्यांची फाईल टेबलावर उघडी राहिली तर कोण कोण बोलले ते संध्याकाळी चहाच्या गाडीवर कळेल, आणि ज्याने 'रात्रपाळीत बारा तास उभे राहतो' असे सांगितले त्याला पुढच्या हप्त्याला काम कमी मिळेल. गुप्तता पाळायची ती दिल्लीपासून नव्हे, टेबलाच्या पलीकडच्या माणसापासून. हे बाबूंनीच मान्य केले, आणि त्या क्षणापासून ते आमच्या बाजूचे झाले.

बँकेतून पैसे पाठवा, ही निधी देणाऱ्या संस्थेची सूचना होती. बँकेच्या उताऱ्यावर नाव येतेच. त्यावर कडी म्हणजे तरुण विणकर स्वतःच म्हणू लागले, रोख नको, मोबाइलवर टाका. त्यांच्या दृष्टीने खिशात नोटा असणे जास्त धोक्याचे. म्हणजे ज्याचे नाव लपवायला आम्ही तासभर भांडलो तो आपल्या नावाचा क्यूआर कोड पुढे करत होता. वकील हसले. मला हसू आले नाही. त्याला सोय हवी होती आणि त्या सोयीबरोबर आणखी काय जाते हे त्याला सांगणे आमचे काम होते. सांगितल्यावर बहुतेकांनी रोख घेतले, काहींनी नाही घेतले. त्यांचा निर्णय नोंदवला.

व्यवस्था ठरली ती अशी. पावतीवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, रक्कम, तारीख, अंगठा आणि साक्षीदाराची सही. क्रमांक आणि नाव जुळवणारी वही एकच, हाताने लिहिलेली, प्राचार्यांच्या कपाटात कुलुपात. सनदी लेखापालाने ती प्राचार्यांसमोर बघावी, हव्या त्या क्रमांकांची पडताळणी करावी, प्रत काढू नये, आणि आपल्या दाखल्यात तसे लिहावे. समितीने ठराव केला. लेखापालांनी सुरुवातीला मान हलवली नाही. असे काम त्यांनी पूर्वी केले नव्हते. मग त्यांनी स्वतः निवडलेल्या क्रमांकांपैकी दोघांना फोन करून खरेच पैसे मिळाले का विचारले, आणि सही केली. माझ्या मते एवढी कसून तपासणी नावे छापलेल्या पावत्यांची कधी झाली नसती.

याच शहराच्या जमिनीखाली १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे वाहणारे भूगर्भातले पाणी हेरून कुंडी भंडारा उभा केला. २०२४ मध्ये तो युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला. सरकारी पैशावर झालेले, गावाच्या उपयोगी पडलेले संशोधन म्हणायला हरकत नाही. बाबूंना विचारले की त्याने यूसी दिली असेल का. ते म्हणाले, "दिली असेलच. दुसरा हप्ता आल्याशिवाय एवढं खोदकाम होतं का?"

आमचा दुसरा हप्ता मात्र अडकला. संस्थेचे पत्र आले: प्राप्तकर्त्याचे नाव नसलेल्या पावत्यांची रक्कम अमान्य, ती प्राध्यापकांकडून वसूल करावी किंवा नावांची यादी पाठवावी. प्राध्यापक यादी पाठवायला जवळजवळ तयार झाले. संगणकावर टाइप करायला अर्धा तास, आणि हप्ता सुटला असता. समितीची तातडीची बैठक झाली. उत्तरात समितीचा ठराव, संमतीपत्राचा कोरा नमुना, लेखापालाचा पडताळणी दाखला आणि एक वाक्य गेले: संस्थेच्या अधिकाऱ्याने इथे येऊन वही बघावी, वही बाहेर जाणार नाही. बाबूंनी त्यावर जावक क्रमांक टाकला आणि स्पीड पोस्टाची पावती यूसीच्या फायलीत टाचली.

उत्तर अजून यायचे आहे. दरम्यान प्राध्यापकांनी केळीच्या बागांतल्या मजुरांवर नवा प्रस्ताव लिहायला घेतला आहे. बाबूंनी त्यातला खर्चाचा तक्ता आधी आपल्याकडे मागून घेतला आणि 'उत्तरदात्यांचा मोबदला' या ओळीखाली लिहिले: पावत्या सांकेतिक क्रमांकाने, पडताळणी कॉलेजात. मंजुरीपत्रातच हे छापून आले तर पुढच्या वेळी पत्रव्यवहार वाचेल, असे त्यांचे गणित आहे.