कोडें घालावें, उत्तर राखावें

गणिताचें नांव काढलें कीं पुष्कळ घरांत कपाळास आंठी पडते. परंतु भोजनोत्तर गप्पांत कोणी एखादें कोडें घातलें, म्हणजे तींच माणसें सुपारी कातरावयाचें विसरून त्यांत गढून जातात. विद्या एकच, पण एका वेषांत तिचें भय वाटतें आणि दुसऱ्या वेषांत तिची गोडी लागते. असें कां व्हावें, आणि मुलांच्या गृहपाठास हात देणाऱ्या वडील माणसांस यांतून कांहीं घेण्यासारखें आहे काय, याचा थोडा विचार आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों.

कोडें आणि गृहपाठांतील उदाहरण यांत गणिताच्या दृष्टीनें भेद नाहीं. भेद आहे तो देणाराच्या वृत्तींत. कोडें घालणारास उत्तर ठाऊक असतें, तरी तो तें पोटांत ठेवतो; समोरच्याची धडपड कौतुकानें पाहतो; फारच अडलें तर एखादी खूण देतो. गृहपाठ घेणारा मात्र घाईंत असतो. आईला स्वयंपाकाची वेळ झालेली असते, वडील कामावरून थकून आलेले असतात. म्हणून उत्तर सांगून मोकळें होण्याकडे मन धांवतें. अलीकडे तर तेवढाहि त्रास उरला नाहीं. खिशांतल्या भ्रमणध्वनीस विचारलें कीं सारी रीत पायरी पायरीनें समोर येते. वही भरते, डोकें मात्र रितें राहतें.

आपल्याकडे गणित कोड्याच्या रूपानें शिकविण्याची वाट जुनी आहे. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं, वयाच्या ३६ व्या वर्षीं, ‘सिद्धांतशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग. त्यांतील उदाहरणें कोठें मित्रास, कोठें मृगनयनेस विचारलेलीं आहेत. जणूं ग्रंथकार समोर बसून खेळ मांडीत आहेत. त्यांतलें एक प्रसिद्ध उदाहरण आमच्या शब्दांत सांगतों. भुंग्यांचा एक थवा आहे. त्याचा पांचवा हिस्सा कदंबाच्या फुलांवर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर. या दोन हिश्शांत जें अंतर, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याकडे वळले. उरला एकच भुंगा. तो केतकी व मालती या दोहोंच्या सुगंधानें ओढला जाऊन अधांतरीं घिरट्या घालीत राहिला. तर थव्यांत भुंगे किती?

यास आचार्यांनीं दिलेली रीति ‘इष्टकर्म’ या नांवाची. मनास येईल ती संख्या धरावी. समजा, ३० धरली. पांचवा हिस्सा ६, तिसरा १०. अंतर ४, त्याची तिप्पट १२. एकूण २८ गेले, उरले २. पाहिजे होता १. म्हणजे आपण धरलेली संख्या खऱ्या संख्येच्या दुप्पट आहे. खरी संख्या १५. कोणी ६० धरून पाहिले तर ४ उरतील. साठाचा चौथा हिस्सा पुन्हां १५ च.

या रीतींतील मर्म वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. तीस हा आंकडा चुकीचा आहे. तरी तोच आपल्यास खऱ्या उत्तरापर्यंत नेऊन पोंचवितो. जेथें मुलानें चुकीचा आंकडा लिहिल्याबरोबर खोडरबर पुढें केला जातो, तेथें त्या बिचाऱ्याच्या हातांतली काठीच काढून घेतली जाते. ‘हा आंकडा कां जमत नाहीं, किती चुकला?’ एवढें विचारलें तर पुढची वाट मूल आपण होऊन शोधूं लागतें.

ही विद्या एकट्यानें कोंडून ठेवण्याचीहि नव्हे. खानदेशांत चाळीसगांवानजीक पाटण येथें एक शिलालेख आहे. त्यावरून कळतें कीं आचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला आणि १२०७ सालीं त्या मठास दान मिळालें. ग्रंथ आहे तेवढ्यानें भागत नाहीं. तो मिळून वाचणारी, प्रश्न विचारणारी मंडळी लागते, हें त्या नातवानें ओळखलें होतें.

आपल्या काळाच्या जवळचें उदाहरण म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). जन्म डहाणूचा, १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर. उच्च पदवी नाहीं, विद्यापीठांत आसन नाहीं. छंद एकच, संख्यांशीं खेळण्याचा. ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो तिला त्यांनीं ‘हर्षद’ म्हटलें. हर्ष देणारी ती हर्षद. संस्कृत जाणणारास हें नांव ऐकूनच आनंद व्हावा. १२ घ्या: १ आणि २ मिळून ३, आणि ३ नें १२ ला भाग जातो. १७२९ घ्या: अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९.

त्यांचा खरा लौकिक झाला तो ६१७४ या संख्येमुळें. १९४९ सालीं त्यांस आढळलें तें असें: कोणतीहि चार अंकी संख्या घ्या, मात्र चारी अंक एकच नसावेत. ते अंक उतरत्या क्रमानें लिहा, मग चढत्या क्रमानें लिहा, आणि मोठींतून लहान वजा करा. येईल त्या बाकीवर तीच क्रिया पुन्हां करा. ३५२४ घेतल्यास ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. पुढें ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. पुढें ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. येथें आलों कीं पाय पुढें सरत नाहीं, कारण ७६४१ उणे १४६७ हे पुन्हां ६१७४ च. फार तर सात वजाबाक्यांत सर्व संख्या या एकाच घाटावर उतरतात. शिवाय ही संख्या हर्षदहि आहे: अंकांची बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३ म्हणजे ६१७४.

स्वदेशांतील कित्येक विद्वानांस कापरेकरांचा हा उद्योग पोरखेळ वाटे. त्यांनीं आपलीं टिपणें लहान लहान पुस्तिकांतून छापलीं, सभासंमेलनांत सांगितलीं, आणि जो कोणी ऐकेल त्याच्यापुढें कोडें ठेवलें. मार्च १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांतील आपल्या गणिती मनोरंजनाच्या सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां देवळालीच्या मास्तरांचें नांव जगभर गेलें. एकानें कोडें घालावें व दुसऱ्यानें तें पुढें न्यावें, याहून वेगळा राजमार्ग या छंदास नाहीं.

आम्ही कांहीं निवृत्त मंडळी याच वाटेनें जातों. महिन्यांतून एकदां जमावें, प्रत्येकानें एक कोडें आणावें, असा आमचा क्रम आहे. मंडळींत एक पूर्वीचे पोस्टमास्तर आहेत, बँकेंतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, औषधाचें दुकान चालविणारे एक गृहस्थ आहेत. नियम एकच: आठ दिवस लोटल्यावांचून उत्तर सांगावयाचें नाहीं, कोणी अडला तर त्याला उत्तर न देतां एक प्रश्न द्यावयाचा. हाच नियम आम्ही गृहपाठ घेऊन येणाऱ्या मुलांसहि लावतों.

गेल्या पावसाळ्यांत शेजारची सातवींतील एक मुलगी वही घेऊन आली. उदाहरण असें: आयताची परिमिती ३६ सेंटिमीटर, लांबी रुंदीपेक्षां ४ सेंटिमीटरनीं जास्त, तर क्षेत्रफळ किती? वहींत ७७ हें बरोबर उत्तर होतें. तें कसें आलें असें विचारतांच मान खालीं गेली. “बाबांनी सांगितलं, आजोबा. मला गणित येत नाही. आई सगळ्यांना सांगते ना!”

या बोलण्यांतील दुःख त्या उदाहरणाहून फार मोठें होतें. आम्हीं वहीचें कोरें पान काढलें व म्हटलें, “बाळ, एक मुंगी आयताच्या कडेनें निघाली. एक लांबी आणि एक रुंदी चालून झाली. किती चालली असेल?” पुष्कळ वेळ शांतता. मग, “निम्मं... अठरा.” “बरं, लांबीचा जो जास्तीचा तुकडा आहे तो कापून टाकला तर?” “चौदा उरतील. आणि मग दोन्ही सारख्या होतील... सात आणि सात! म्हणजे लांबी अकरा!” यास वीसएक मिनिटें लागलीं, आणि तेवढ्या वेळांत आमच्या तोंडून एकहि उत्तर गेलें नाहीं. दोन संख्यांची बेरीज आणि वजाबाकी ठाऊक असतां त्या संख्या काढण्याच्या या रीतीस ‘लीलावतीं’त ‘संक्रमण’ असें नांव आहे, हें तिला सांगितलें, तेव्हां ती क्षणभर वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मग हें आईला सांगू?”

माताभगिनींस आणि मातांइतकीच पित्यांसहि आमची विनंती आहे कीं, ‘हिला गणित येत नाहीं’ हें वाक्य मुलीच्या देखत कधींहि उच्चारूं नये. मूल तें खरें मानतें, आणि एकदां खरें मानल्यावर खरें करून दाखवितें. पोर अडली तर तिच्याजवळ बसावें. उदाहरणांत काय दिलें आहे व काय काढावयाचें आहे, तें तिच्याच शब्दांत सांगवावें. एखादा आंकडा धरून पाहण्यास सांगावें. तोहि चुकला तर कितीनें चुकला तें विचारावें. आपल्यासच उत्तर येत नसेल तर तें झांकूं नये. दोघांनीं मिळून शोधावें. वडील माणूस विचार करतांना दिसणें हाहि मुलास एक धडाच आहे.

आतां रिवाजाप्रमाणें एक कोडें. वरील क्रिया चार अंकांऐवजीं तीन अंकी संख्येवर करून पाहावी. येथेंहि तिन्ही अंक एकच नसावेत, आणि बाकी दोन अंकी आली तर मागें शून्य मांडून तीन अंक पुरे करावे. तेथेंहि सर्व वाटा एकाच संख्येपाशीं येऊन थांबतात. ती संख्या कोणती हें आम्ही अर्थात् सांगत नाहीं. अडल्यास खूण एवढीच: प्रत्येक बाकीच्या मधल्या अंकाकडे लक्ष द्यावें, आणि तो तसाच कां येतो हें घरांतल्या सर्वांत लहान गणितज्ञास विचारावें.