स्थानकापासून स्मारकापर्यंत

दिल्ली मेट्रोचा नकाशा पाहिला की इतिहासाच्या एखाद्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच समोर असल्यासारखे वाटते. कुतुबमिनार, हौज खास, तुघलकाबाद, लाल किल्ला, जामा मशीद, दिल्ली गेट, कश्मीरी गेट ही सारी स्थानकांची नावे आहेत. डिसेंबर 2002 मध्ये शाहदरा ते तीस हजारी या पहिल्या टप्प्यावर मेट्रो धावू लागली, तेव्हा तिची लांबी जेमतेम आठ किलोमीटर होती. आज हे जाळे साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे गेले आहे. गेली काही वर्षे हिवाळ्यातील सुट्टीच्या दिवशी मोटार न घेता मेट्रोने, बसने आणि पायी या शहरातील स्मारके पाहण्याचा परिपाठ मी ठेवला आहे. त्यातून माझे एक मत बनले आहे. हा वारसा सामान्य माणसाच्या किती आवाक्यात आहे, हे मेट्रोच्या लांबीपेक्षा स्थानक आणि स्मारक यांच्यामधल्या एक-दोन किलोमीटरवर ठरते. नेमक्या त्याच अंतराची जबाबदारी आपल्या व्यवस्थेत कोणा एकाकडे नाही.

हे काम नीट जमू शकते, याचा पुरावा जुन्या दिल्लीतच आहे. मे 2017 मध्ये आयटीओ ते कश्मीरी गेट हा सुमारे पाच किलोमीटरचा भुयारी मार्ग सुरू झाला. ‘हेरिटेज लाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मार्गावरील लाल किल्ला स्थानकातून बाहेर पडले की शाहजहानने 1639 ते 1648 या काळात उभारलेल्या किल्ल्याची तांबडी तटबंदी समोर येते. जामा मशीद स्थानकातून मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत बाजारातून काही मिनिटांत पोहोचता येते. किल्ल्यासमोरून फतेहपुरी मशिदीपर्यंत जाणारा चांदणी चौकाचा सुमारे सव्वा किलोमीटरचा रस्ता 2021 मध्ये नव्या रूपात खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळेत तिथे मोटारींना मज्जाव आहे. नियमाला बगल देऊन दुचाकी शिरतात, पदपथांवर माल उतरतो, हे खरे. तरीही हा रस्ता आता पायी चालणाऱ्याचा आहे. 1908 ते 1963 या काळात याच भागातून ट्राम धावत असे. म्हणजे सार्वजनिक वाहनाने चांदणी चौकात येणे ही आजची टूम नव्हे. मधल्या काही दशकांत मोडलेली ती जुनीच रीत आहे.

दक्षिणेकडे मात्र चित्र पालटते. कुतुबमिनार स्थानकात उतरलेल्या प्रवाशाला मिनार अद्याप दीड-दोन किलोमीटर दूर असल्याचे बाहेर आल्यावरच कळते. दाराशी रिक्षांची रांग असते आणि बहुतेक जण त्यात बसून मोकळे होतात. वास्तविक हे अंतर म्हणजे अडचण न ठरता पर्वणी ठरावी. स्थानक आणि मिनार यांच्यामधल्या पट्ट्यात मेहरौली पुरातत्त्व उद्यान पसरलेले आहे. तेराव्या शतकातील सुलतान बल्बनची कबर तिथे आहे. भारतातील खऱ्या कमानीचा अगदी आरंभीचा नमुना म्हणून वास्तुशास्त्राचे अभ्यासक तिच्याकडे बोट दाखवतात. लोदी काळातील ‘राजों की बावली’ ही देखणी पायविहीर आहे. बाबर आणि हुमायून यांच्या काळात बांधली गेलेली जमाली-कमाली मशीद आहे. उद्यानातून मिनाराकडे चालत जाताना उजव्या-डाव्या हाताला इतकी शतके उभी असतात की दीड किलोमीटर कधी सरला ते कळत नाही. मी हा रस्ता अनेकदा चाललो आहे. वाटेत सकाळी फिरायला आलेली आसपासची मंडळी भेटतात. पाठीवर पिशवी अडकवलेला परगावचा प्रवासी क्वचितच दिसतो. या वाटेने मिनाराकडे जाता येते, हे स्थानकावरच ठळकपणे सांगितले गेले, वाटेवर खुणा लावल्या आणि उद्यानाबाहेरचा पदपथ सलग केला, तर नवे बांधकाम न करता दिल्लीला एक उत्तम वारसामार्ग मिळेल.

तुघलकाबादची गोष्ट याहून कठीण आहे. त्या नावाचे स्थानक मथुरा रोडवर आहे आणि घियासुद्दीन तुघलकाने चौदाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बांधलेला किल्ला तिथून तीन-चार किलोमीटर पश्चिमेला, मेहरौली-बदरपूर रस्त्यावर. नावावर विसंबून उतरणाऱ्याची पंचाईत ठरलेलीच. किल्ल्यापाशी पोहोचल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते. सुलतानाची कबर किल्ल्याच्या दक्षिणेला, एकेकाळच्या कृत्रिम तलावात बांधलेली होती आणि एका दगडी सेतूने किल्ल्याशी जोडलेली होती. तलाव आटला. सेतूला छेदून आता हा हमरस्ता जातो. किल्ला पाहून कबरीकडे जाऊ पाहणाऱ्या माणसाला भरधाव मालमोटारींमधून वाट काढावी लागते. वयस्कर माणसे रस्त्याच्या कडेला थबकतात, पलीकडे पाहतात आणि परत फिरतात, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. निजामुद्दीन औलिया आणि हाच सुलतान यांच्यातील वैरातून ‘दिल्ली अजून दूर आहे’ ही म्हण जन्मली, असे परंपरा सांगते. सात शतकांनंतर सुलतानाच्या स्वतःच्याच किल्ल्यातून त्याची कबर दूर झाली आहे.

तुघलकाबादहून शहराकडे परतताना मी मेट्रोऐवजी बस घेतो, ती मथुरा रोडसाठी. हा रस्ता म्हणजे आग्र्याकडून येणारा जुना राजमार्ग. मोगल काळात अशा मार्गांवर दर कोसाला मिनार उभारलेले असत. त्यातला एक आजही दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात उभा आहे. बसच्या खिडकीतून एकामागून एक स्थळे येत जातात: हुमायूनची कबर, निजामुद्दीन दर्ग्याची वस्ती, पुराना किल्ला, त्याच्यासमोर अकबराची दाई माहम अनगा हिने बांधविलेली खैर-उल-मनाजिल मशीद, पुढे दिल्ली गेट. ही स्थळे एका रेषेत आहेत, कारण ती वाहतुकीच्याच रस्त्यावर बांधली गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याने ती पाहावीत, हा त्यांच्या बांधणीमागचा हेतूच होता. भुयारातून जाणारी मेट्रो प्रवाशाला वेगाने पोहोचवते. शहराची ही रेषा मात्र बसमधूनच उलगडते. निजामुद्दीनजवळच्या चौकात निळ्या घुमटाचा सब्ज बुर्ज आहे. काही वर्षांपूर्वी त्याचे अतिशय कसोशीने जतन करण्यात आले. तो वाहतुकीच्या वर्तुळात मधोमध उभा असल्याने दररोज हजारो लोक त्याला वळसा घालतात; त्याच्यापाशी जाऊन उभे राहणे मात्र पादचाऱ्याला सोपे नाही.

बसचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे, कारण तीच सर्वांत समतावादी सवारी आहे. ऑक्टोबर 2019 पासून दिल्लीच्या सार्वजनिक बसमध्ये महिलांना मोफत प्रवासाची सोय मिळाली. मेट्रोचे भाडे ऑगस्ट 2025 पासून किमान 11 आणि कमाल 64 रुपये झाले आहे. चौघांच्या कुटुंबाला जाण्यायेण्याचा हा खर्च जाणवतो. त्यात शेवटच्या टप्प्याच्या रिक्षाची भर पडली की सहलीचा बेतच रहित होतो. वास्तविक प्रवेशशुल्क हा अडथळा नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांमध्ये पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे आणि भारतीय प्रौढांसाठीचे तिकीटही माफक आहे. तिकिटापेक्षा तिकीट-खिडकीपर्यंत पोहोचणेच महाग पडते. दिल्लीतील बसची संख्या 10,000 पर्यंत न्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये सांगितले होते. शहराने तो आकडा अद्याप गाठलेला नाही. 2025 मध्ये नऊ मीटर लांबीच्या छोट्या विद्युत बस अंतर्गत रस्त्यांसाठी आणल्या गेल्या. त्यांचे मार्ग ठरवताना वसाहती आणि बाजार यांच्याबरोबर स्मारकांचाही विचार झाला, तर तुघलकाबादसारखा प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल.

असे काही सुचवले की कायद्याकडे बोट दाखवले जाते. प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवतीचे 100 मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढील 200 मीटर हे नियंत्रित क्षेत्र आहे. सार्वजनिक प्रकल्पांसाठी प्रतिबंधित क्षेत्रात वाट मोकळी करू पाहणारे विधेयक जानेवारी 2018 मध्ये लोकसभेने संमत केले. राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेले. माझ्या मते कायदा सैल करण्याचे कारण नाही. कुतुबमिनार स्थानक आणि मिनार यांच्यामधले अंतर कायद्याच्या 100 मीटरच्या दहापटीहून अधिक आहे. तिथला पदपथ कायद्याने अडवलेला नाही. शिवाय याच कायद्यातील ‘बांधकाम’ या शब्दाच्या व्याख्येतून गटारे, सार्वजनिक स्वच्छतागृहे, पाणी व वीजपुरवठा आणि लोकांसाठीच्या तत्सम सुविधा वगळलेल्या आहेत. स्मारकाच्या दाराशी पिण्याचे पाणी, दिवे आणि स्वच्छतागृह देण्यास कायदा हरकत घेत नाही.

खरी गाठ कारभारात आहे. स्मारक केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालील पुरातत्त्व सर्वेक्षणाचे. मेट्रो केंद्र आणि दिल्ली सरकार यांच्या संयुक्त कंपनीची. बस दिल्ली सरकारची. रस्ते कुठे सार्वजनिक बांधकाम विभागाचे, कुठे महापालिकेचे. उद्याने बहुधा दिल्ली विकास प्राधिकरणाची. प्रत्येक यंत्रणा आपापल्या कुंपणापर्यंत काम करते आणि पादचारी दोन कुंपणांच्या मधोमध उभा राहतो. 2017 च्या केंद्रीय मेट्रो धोरणाने नव्या प्रकल्पांना एक अट घातली आहे: स्थानकाभोवतीच्या पाच किलोमीटर परिसरात पूरक बससेवा, पायवाटा आणि सायकलमार्ग कसे देणार, हे प्रकल्प अहवालातच सांगितले पाहिजे. जुन्या मार्गांनाही ही कसोटी लावली, तर वर उल्लेखिलेले प्रत्येक स्मारक कोणत्या ना कोणत्या स्थानकाच्या कक्षेत येते.

म्हणून सूचना साध्या आहेत. ज्या स्थानकाला स्मारकाचे नाव आहे, तिथून स्मारकापर्यंतच्या वाटेची जबाबदारी एका यंत्रणेकडे लेखी सोपवावी आणि तिचा खर्च तिच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा. स्थानकाच्या फलकावर नावाखाली अंतर आणि चालण्याचा मार्ग लिहावा. तुघलकाबादला किल्ला आणि कबर यांच्यामध्ये वाहनांना थांबवणारा सिग्नल बसवावा. मेट्रो, बस आणि प्रवेश यांचे एकत्रित दिवसाचे तिकीट काढावे. नवे विमानतळ आणि द्रुतगती मार्ग यांच्यापुढे यातला खर्च नगण्य आहे. लागते ती टेबलाभोवती एकत्र बसण्याची तयारी.

हा प्रश्न पर्यटनापुरता मानला, तर तो कायम शेवटच्या क्रमांकावर राहील. कोणता सुलतान वाईट आणि कोणती वास्तू कोणाची, यावर आज देशात कडवट वाद झडतात. त्यात तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या वास्तूच्या सावलीत एक दुपार घालवलेली असते? इतिहासाशी माणसाचे नाते समाजमाध्यमांवरील चित्रफितींतून जडले तर ते भडक होते; पायांखालून जडले तर समंजस होण्याची शक्यता वाढते. संगम विहारमधल्या मुलीला बसने तुघलकाबादला, शाहदऱ्याच्या आजोबांना नातवासह लाल किल्ल्याला, रजेवर आलेल्या जवानाला रेल्वे स्थानकावरून हुमायूनच्या कबरीला सहज जाता आले पाहिजे. वारशाचे संरक्षण शेवटी अशा माणसांच्या आस्थेवर टिकते, आणि ज्या ठिकाणी सुखाने पोहोचता येत नाही, त्या ठिकाणाविषयी आस्था वाटावी अशी अपेक्षा शासनाला करता येणार नाही.