लाल पेनचा शनिवार

पहाटे 5.30
एडिसन, न्यू जर्सी. जानेवारी. माझ्या वहिनी चहा घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसतात. आठवडाभर औषधांच्या दुकानात उभ्यानं काम, स्वतःच्या कादंबरीच्या वाट्याला शनिवार. आज जादा पाळी घेतली असती तर तासाला 21 डॉलर मिळाले असते. समोर 412 पानांचा गठ्ठा. वाचनालयात पानाला 10 सेंट देऊन छापलेला. 41 डॉलर 20 सेंट. पडद्यावर चुका लपतात म्हणे. लाल पेन, पट्टी, पिवळ्या चिठ्ठ्या.

6.30
पुण्यात संध्याकाळचे पाच. संपादकांचा फोन. "ताई, तुमची नायिका फार बर्फ उपसते हो. आणि दरवेळी तुम्ही समजावून सांगता. आम्हाला पहिल्या वेळेलाच कळलं."
वहिनी हसतात. फोन ठेवल्यावर हसत नाहीत.

7.00
पट्टी एकेका ओळीखाली सरकते. तिकडच्या वाचकासाठी बर्फ समजावलाय, इथल्या मुलांसाठी मंगळागौर. वहिनींची मुलं मराठी बोलतात, वाचत नाहीत. मग मंगळागौरीचं दीड पान कुणासाठी? त्यावर तिरकी रेघ. पान चांगलं होतं, मी वाचलंय. पण गेलं ते बरंच झालं. त्यात नायिका कुठेच नव्हती.

9.15
खरा बर्फ. फावडं घेऊन पाऊण तास. दारापुढची वाट साफ करून मीठ टाकायचं. आत आल्यावर बोटं आखडलेली. पेन धरवत नाही.

10.30
शुद्धलेखन. अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' उशाला असावा तसा हाताशी. मूल दीर्घ, मुलाला ऱ्हस्व; वीट, विटेला. हे सोपं. डोकेदुखी वेगळीच. सुरुवातीची प्रकरणं जुन्या फाँटमधली. युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्य' मोडला. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याऐवजी आचार्य भात वाढतायत. संगणकाला सगळे एकदम बदलायला सांगावं, तर पुढच्या प्रकरणात खरे आचार्य अत्रे बसलेत. तेही स्वयंपाकघरात गेले असते. म्हणून एकेक शब्द शोधायचा, वाचायचा, बदलायचा. दुपारपर्यंत हेच.

1.00
वरणभात, लिंबाचं लोणचं.

1.30
संवाद मोठ्यानं वाचायचे. आजी आणि नात एकाच सुरात बोलताना ऐकू येतात. आजीच्या तोंडचं 'निर्णय' जातं, 'ठरवलंय' येतं. दादा वरच्या मजल्यावरून विचारतात, "कोण आलंय गं?"

3.00
भिंतीवर कथेचं वेळापत्रक. जुलैतल्या रात्री दहाला नायिका साताऱ्याला फोन लावते. तिकडे सकाळचे साडेआठ, असं लिहिलंय. पण जुलैत इथली घड्याळं एक तास पुढे; फरक साडेनऊ तासांचा. साताऱ्यात साडेसातच वाजलेत. त्या दृश्यात बाबा साडेआठच्या एसटीला निघालेले असतात. आता एसटी तरी बदला, नाहीतर फोन. वहिनी फोन अकराला नेतात. मग नायिकेची झोप, दुसऱ्या दिवशीची पाळी, सगळं तपासावं लागतं. चार पानं.

5.00
हिशेबाची वही. इथं स्वतः प्रकाशित केलं असतं तर एका आयएसबीएनला 125 डॉलर. भारतात तो फुकट मिळतो, आणि प्रकाशक पुण्याचा. तो खर्च वाचला. अमेरिकेतली कॉपीराइट नोंदणी मात्र करायचीय: 45 डॉलर.

6.00
आज 96 ते 131 पानं झाली. त्यातली सहा बाद. पुढच्या शनिवारी 132 पासून. मानधनाचं बोलणं अजून झालेलं नाही.