मिवा पर्वत : गाभारा नसलेले मंदिर

मंदिर म्हटले की गाभारा आणि मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. जपानमधील नारा प्रांतात, साकुराई शहरातील ओमिवा या शिंतो मंदिरात मात्र गाभारा नाही. मंदिरामागचा ४६७ मीटर उंचीचा मिवा पर्वत हाच तेथे देवाचे निवासस्थान मानला जातो. भाविक सभामंडपासमोर उभे राहून पर्वताकडे तोंड करून प्रार्थना करतात. सध्याचा सभामंडप १६६४ साली चौथा तोकुगावा शोगुन इएत्सुना याच्या काळात उभारला गेला. त्याच्या मागे तीन तोरणे एकत्र जोडलेले लाकडी द्वार आहे. त्यापलीकडे वनराई सुरू होते.

इ. स. ७१२ मधील ‘कोजिकी’ आणि ७२० मधील ‘निहोन शोकी’ या ग्रंथांत येथील ओमोनोनुशी या देवतेच्या कथा आहेत. ही देवता सर्परूपाने प्रकट होते, अशी श्रद्धा असल्याने आवारातील एका पुरातन वृक्षापाशी अंडी आणि तांदळाचे मद्य अर्पण केले जाते.

पूर्वी या पर्वतावर जाण्यास सर्वसामान्यांना मनाई होती. आता जाता येते; परंतु साई या उपमंदिरात नाव नोंदवून, गळ्यात पांढरा पट्टा घालूनच. वर छायाचित्रे काढणे आणि खाणे निषिद्ध आहे. ही गिर्यारोहणाची सहल नसून उपासना आहे, हे प्रत्येकाला प्रथम मान्य करावे लागते.

अशा ठिकाणी ख्रिस्ती प्रवाशाने कसे वागावे? १९३६ साली रोमने जपानी कॅथलिकांना शिंतो मंदिरांतील राष्ट्रीय समारंभांना उपस्थित राहण्याची अनुमती दिली, कारण तेथील वंदन हे नागरी आदराचे चिन्ह मानले गेले. पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात, अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे स्पष्ट केले.

तथापि आदर आणि आराधना यांत भेद आहे. आपण पर्वताची नव्हे, तर पर्वत घडविणाऱ्या परमेश्वराची आराधना करतो. म्हणून मंदिराच्या आवारात आपण शांतपणे उभे राहावे, नियम पाळावेत. मात्र दोनदा वाकून, दोनदा टाळ्या वाजवून करावयाच्या वंदनात सहभागी होऊ नये. पर्वतारोहण उपासना म्हणूनच करावयाचे असेल, तर पायथ्यावरूनच परतणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल, असे आम्हांस वाटते. यजमानाच्या श्रद्धेचा मान आणि स्वतःच्या श्रद्धेशी निष्ठा, दोन्ही त्यात राखले जातात.