न विचारलेलं एक वाक्य

प्रेमाच्या चांगल्या कादंबऱ्यांत खलनायक क्वचितच सापडतो. सापडतं ते एक साधं वाक्य, जे वेळेवर कुणी बोललंच नाही. तुमचंही अडलंय का असं एखादं?

‘हाय’ टाइप केलं. डिलीट केलं. परत टाइप केलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर काही आलं नाही. आता?

हे ‘आता?’ विचारायचं कुणाला? घरी विषय काढायची सोय नाही. मित्राला सांगितलं तर तो आधी हसणार, मग चिडवणार, मग आणखी चार जणांना सांगणार. त्यातून तुम्ही मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी शिकत असाल तर बघायलाच नको. एसटीची वाट बघताना, झेरॉक्सच्या दुकानात नाहीतर आठवडी बाजारात दोघं पाच मिनिटं बोलताना दिसले, की अंधार पडायच्या आत बातमी घरी. पुण्या-मुंबईतल्या पोरापोरींना लपायला निदान गर्दी तरी मिळते. आपल्याकडे गर्दीतला प्रत्येक जण ओळखीचा! आणि बातमी पोचल्यावर शिक्षा दोघांना सारखी होत नाही, हेही तुम्ही पाहिलं असेल. मुलाला दोन शिव्या बसतात. मुलीचं कॉलेज सुटू शकतं, तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होऊ शकते.

म्हणजे बोलायची गरज भरपूर आणि बोलायला जागा जवळजवळ नाही. तरी एक जागा उरते. तिथे तुम्ही दोन-दोन तास बसलात तरी शेजारच्या काकूंना वाटतं, पोरगं अभ्यास करतंय. ती जागा म्हणजे कादंबरी.

आपण प्रेम शिकतो कुठून?

रीलमधून, सिनेमातून आणि आपल्या भागात नाटकातूनही. धान निघालं की मोकळ्या बांधीत मंडप पडतो. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरायला लागतात, मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटक रंगतं. या झाडीपट्टी रंगभूमीसाठी कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नाटकातलं प्रेम कसं असतं, ते तुम्हाला पाठ आहे. नायक, नायिका, आडवा येणारा बाप, मध्ये कॉमेडी, आणि शेवटी लग्न, नाहीतर कुणाचा तरी जीव जातो. रात्र मस्त जाते.

पण सकाळी कॉलेजला गेल्यावर आपली गोष्ट वेगळीच निघते. जात, पैसा, घरची अब्रू हे सगळं आडवं येतं, खरं आहे. त्याच्याही आधी आडवा येतो आपलाच घसा. तिला काय वाटतं ते विचारवत नाही. त्याला ‘हे मला नको’ म्हणवत नाही. ब्रेकअप झालाय की भांडण, तेही विचारवत नाही. नाटक-सिनेमाला इतकं बारीक बघायला वेळ नसतो. कादंबरीला मात्र नेमकं हेच बघायचं असतं.

नववीतला मुकुंद

सुरुवात ओळखीच्या नावापासून करू. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ मध्ये आली. २०१२ साली प्रदर्शित झालेला तिचा सिनेमा तुम्ही पाहिला असेल; नसेल तर आधी पुस्तकच वाचा. काळ आणीबाणीचा. नववीतल्या मुकुंद जोशीला वर्गातली शिरोडकर आवडते. मग मित्रांचा कारखाना चालू होतो. तिनं वळून पाहिलं का? पाहिलं तर कुणाकडे? ती हसली त्याचा अर्थ काय? पानंच्या पानं हे गणित चालतं आणि वाचताना हसून मुरकुंडी वळते, कारण ‘लास्ट सीन’ बघून आपण आजही तेच करतो.

आता पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारा: शिरोडकरला काय हवं होतं? आपण सगळं मुकुंदच्या डोळ्यांनी पाहतो, तिच्या मनात शिरायला आपल्याला वाट नाही. मुलींनो, हीच गोष्ट तुम्ही तिच्या बाजूने सांगून पाहा. ती बरीच बदलेल. आणि मुलांनो, आख्खा वर्ग मिळून एका मुलीच्या नजरेचा अर्थ लावत असतो तेव्हा त्या मुलीला शाळेत यायला कसं वाटत असेल, याचाही विचार करा.

या कादंबरीत आणखी एक माणूस आहे, नरूमामा. मुकुंद ज्याच्याशी मोकळं बोलू शकतो असा मोठा माणूस. तुमच्या घरात असा कुणी मामा, मावशी, दादा असेल तर तुम्ही नशीबवान.

एकाच घरात, दोन खोल्यांत

सचिन कुंडलकर यांनी ‘कोबाल्ट ब्लू’ लिहिली तेव्हा ते ऐन विशीत होते. २००६ मध्ये मौजेनं ती काढली, २०१३ मध्ये जेरी पिंटो यांनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं आणि २०२२ मध्ये कुंडलकरांनी स्वतःच तिच्यावर सिनेमा केला. पुण्यातलं एक साधं मध्यमवर्गीय घर. तिथे एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून राहायला येतो. घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो. त्याची बहीण अनुजाही पडते. एक दिवस अनुजा त्या तरुणाबरोबर निघून जाते.

पहिला भाग तनय सांगतो, दुसरा अनुजाच्या डायरीत आहे. भाऊबहीण एका छपराखाली राहतात, एकाच माणसावर जीव टाकतात आणि दोघांनाही एकमेकांबद्दल पत्ता नसतो. तनयचं दुःख तर दुहेरी. अनुजा पळून गेली म्हणून निदान घर हादरतं, रडतं, तिला शोधतं. त्याचंही काही हरवलंय, हे कुणाला माहीतच नाही, मग सांत्वन कोण करणार?

हे पुस्तक आलं तेव्हा समलिंगी संबंध कायद्यानं गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना त्यातून मोकळं केलं ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. कायदा बदलला. आपल्या वर्गात मात्र तसल्या मुलाला अजून काय-काय नावानं हाक मारतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याच बाकावर एखादा तनय बसत असेल आणि त्या हाकेला तोही सगळ्यांबरोबर हसत असेल.

डब्लिनमध्ये अडलेलं भाडं

आता जरा लांब जाऊ. सॅली रूनी या आयरिश लेखिकेची ‘नॉर्मल पीपल’ २०१८ मध्ये आली आणि जगभर तरुणांनी वाचली. गोष्ट सुरू होते आयर्लंडमधल्या एका लहान गावात. मॅरियन पैसेवाल्या घरातली, पण शाळेत एकटी पडलेली. कॉनेल सगळ्यांचा आवडता, आणि त्याची आई मॅरियनच्या घरी साफसफाईचं काम करते. दोघं जवळ येतात. पण शाळेत कॉनेल तिला ओळखही दाखवत नाही, कारण मित्र काय म्हणतील? ओळखीचं वाटतं ना?

पुढे दोघं डब्लिनला कॉलेजात जातात. एका उन्हाळ्यात कॉनेलचं हॉटेलातलं काम सुटतं आणि खोलीचं भाडं भरायला पैसे उरत नाहीत. मॅरियनच्या फ्लॅटवर जागा आहे. ‘मी थोडे दिवस तुझ्याकडे राहू का?’ एवढंच विचारायचं असतं, आणि ती लगेच हो म्हणाली असती. त्याच्या तोंडून ते वाक्य निघत नाही. पैशाची लाज वाटते. तिला वाटतं, ह्यालाच आता नकोय. नातं तुटतं. घरचा विरोध नाही, तिसरं माणूस नाही, मारामारी नाही. एक वाक्य राहून गेलं, बस.

गडचिरोलीत किंवा चंद्रपुरात खोली करून राहणाऱ्या, महिन्याच्या शेवटी मेसचे पैसे कुठून आणायचे या विवंचनेत असलेल्या मुलाला हे पान समजावून सांगावं लागणार नाही. रिचार्ज संपला म्हणून मेसेज गेला नाही, आणि ‘रिचार्ज संपला’ हे सांगायची लाज वाटली म्हणून गैरसमज वाढला, हे आपल्याकडे होतंच की.

देवदासकडे नीट बघा

मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं वसली, त्याला आता काही पिढ्या झाल्या. म्हणजे शरदचंद्र चट्टोपाध्यायांची भाषा आपल्या वर्गातच बसते! मराठीत शरदचंद्र आणले मामा वरेरकरांनी. ‘देवदास’ १९१७ मध्ये छापली गेली, पण लिहिली होती त्याच्या बरीच आधी, शरदचंद्र पंचविशीच्या आसपास असताना.

देवदास म्हटलं की आपल्याला बाटली आठवते. कादंबरीत त्याच्या आधी काय घडतं? पार्वती रात्री एकटी त्याच्या खोलीत येते आणि मनातलं सरळ सांगते. सगळा धोका तिचा, हिंमतही तिचीच. देवदास घुटमळतो, कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून नकाराचं पत्र पाठवतो. पश्चात्ताप होऊन परत येतो तोवर उशीर झालेला असतो. तिच्या अभिमानाचा त्याला राग येतो आणि मासे धरायच्या गळाच्या काठीनं तो तिच्या कपाळावर मारतो. खूण कायमची राहते.

सिनेमांनी या खुणेचीही प्रेमाची निशाणी करून टाकली. तुम्ही करू नका. नकार ऐकून जो हात उचलतो, तो दुखावलेला असेल, पण त्याच्या दुखण्याची किंमत तिनं कपाळानं का चुकवायची? पुस्तक वाचताना हा प्रश्न विचारता येतो, कारण पुस्तकात थांबता येतं. थिएटरात गाणं सुरू होतं आणि विषय पुढे सरकतो.

बाईनं लिहिलं तेव्हा

मुलीच्या मनात काय चाललंय हे मराठीत मोकळेपणी लिहिलं गेलं, तेव्हा केवढा गहजब झाला होता! १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या इच्छा आणि घुसमट त्यात होती. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. ही बाई कोण, यावरून चर्चांना ऊत आला. ते टोपणनाव होतं. खऱ्या लेखिका मालतीबाई बेडेकर. मुलीला इच्छा असतात एवढं छापायला तेव्हा नाव लपवावं लागलं. आज तुमच्या वर्गातली एखादी मुलगी फेक नावाचं अकाउंट काढून कविता टाकते, तिचं कारण फार वेगळं नसावं.

गप्प राहण्याची किंमत आपल्याच जिल्ह्यात मोजलीही गेली आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्यांचं दुखणं अंगावरच निघत होतं. तरुण मुलामुलींशी शरीर, संबंध आणि जबाबदारी यांवर मोकळं बोलणारं ‘तारुण्यभान’ शिबिर ‘सर्च’ संस्थेनं सुरू केलं, त्यामागे ही जाणीव आहे. तुमच्या कॉलेजात ते झालं तर मागच्या बाकावर बसून हसू नका, वहीत प्रश्न लिहून न्या. १८ वर्षांखालच्या व्यक्तीची संमती पोक्सो कायदा मानत नाही, हेही तिथे विचारून नीट समजून घ्या. माहिती अशा शिबिरात मिळेल. समोरच्याला काय वाटत असेल, हे ओळखायचा सराव कादंबरीत होतो. दोन्ही लागतं.

आणि आपली गोष्ट?

आता खरी अडचण. वरच्या यादीत पुणं आहे, डब्लिन आहे, बंगाल आहे. आपण कुठे आहोत? प्रणव सखदेव यांच्या ‘काळे करडे स्ट्रोक्स’ला २०२१ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. कॉलेजातल्या समीरची मैत्री, प्रेम, भरकटणं हे सगळं त्यात आजच्या भाषेत आहे, पण ती मुंबई आणि तिची उपनगरं. आपल्या जिल्ह्यावरची गाजलेली कादंबरी म्हणाल तर विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’. जुरू या माडिया तरुणाची ती गोष्ट वाचायलाच हवी. पण नावातच कळतं, गडचिरोलीचा तरुण पुस्तकात येतो तो बंदुकीच्या वाटेवरून. बातम्यांत येतो तो वाघ, हत्ती आणि चकमकींबरोबर. गोटुल म्हटलं की बाहेरच्यांचे कान टवकारतात. व्हेरियर एल्विन यांनी बस्तरच्या मुरियांच्या घोटुलवर १९४७ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून तिथल्या तरुणांच्या प्रेमाकडे लोक नवल म्हणून बघत आले. रेला नाचणाऱ्या पोराला आवडतं कोण, तिला तो कसं विचारतो, तिनं नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी कामाला कसा जातो, हे त्याच्या तोंडून कुठे आलंय?

मुलचेऱ्यातल्या एका वर्गात मराठी, बंगाली, गोंडी, माडिया, तेलुगू बोलणाऱ्या घरांतली मुलं शेजारी-शेजारी बसतात. घरी एक भाषा, कॉलेजात दुसरी, मोबाइलवर तिसरी. ‘तू मला आवडतेस’ हे यातल्या कुठल्या भाषेत सांगायचं? ही कादंबरी पुण्यात बसून कुणाला लिहिता येणार नाही. ती तुमच्याकडे आहे.

लगेच लिहा असं नाही. आधी चौघं मिळून एक पुस्तक मिळवा. कॉलेजच्या ग्रंथपालांना सांगा, मागणी नोंदवा, गडचिरोलीला कुणी जात असेल तर त्याच्याकरवी मागवा. वाचताना एकच खेळ खेळा: जिथे एक प्रश्न विचारला असता तर सगळं बदललं असतं, ते पान शोधा आणि तो प्रश्न वहीत लिहा. चौघांची पानं वेगळी निघतील. भांडा त्यावर.

मग कधीतरी स्वतःचा प्रश्न विचाराल. साध्या शब्दांत विचारा, समोरच्याला अडचण होणार नाही अशा वेळी विचारा. आणि उत्तर ‘नाही’ आलं, तर तेही पूर्ण उत्तर आहे. त्यावर पुन्हा ‘का?’ नको.