व्हिसाची वाट मिठबाववरून!

आयईएलटीएसचा स्कोअर झक्कास, ऑफर लेटर हातात. आता बॅग भरायची? जरा थांबा! कॅनडाचा पीआर असो की अमेरिकेचं ग्रीनकार्ड, तुमचा जन्म देवगड तालुक्यातल्या मिठबावचा असेल, तर जन्मदाखला अंधेरीत नाही, गावच्या ग्रामपंचायतीत मिळणार. नोंदच सापडली नाही, तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला मागा. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रं अमेरिकेला चालतात.

जिल्हा कुठला?
सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ला. त्यामुळे बाबांच्या जुन्या दाखल्यावर रत्नागिरी, पासपोर्टवर सिंधुदुर्ग. दोन्ही बरोबरच, पण परदेशातल्या अधिकाऱ्याला ते कसं कळणार? एका पानाचं खुलासापत्र जोडून टाका. गावाचं इंग्रजी स्पेलिंगही कुठे ‘व्ही’ने संपतं, कुठे ‘ओ’ने. तेही त्यातच लिहा.

आईचं नाव
माहेरची सुनंदा सासरी शुभांगी झाली, हे आपल्याला ठाऊक. फाइलला मात्र या दोन बायका वाटतात! विवाहाचा दाखला काढा. नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद असेल, तर तीही लावा.

मावशी नको!
मावशी इंग्रजीची प्रोफेसर असली तरी तिचं भाषांतर कॅनडाला चालत नाही. अर्जदार स्वतः, आईवडील, काका, मावशी, अगदी चुलत-मावस भावंडंसुद्धा बाद. प्रमाणित भाषांतरकार गाठा. नसेल तर भाषांतरकाराचं शपथपत्र लागतं. अमेरिकेला भाषांतर पूर्ण आणि अचूक असल्याची, आणि आपण त्यासाठी सक्षम असल्याची भाषांतरकाराची सही हवी. ‘पूर्ण’ म्हणजे शिक्के आणि समासातले शेरेही आले.

अपॉस्टिलची घाई नको
भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे, कॅनडा २०२४ पासून. पण प्रत्येक अर्जाला अपॉस्टिल लागतंच असं नाही. एजंट म्हणतो म्हणून पैसे मोजू नका, आधी आपल्या अर्जाची चेकलिस्ट वाचा.

आणि गावी जाताच आहात, तर आईबाबांचे कागदही त्याच फेरीत तपासा. उद्या त्यांना तिकडे बोलवायचं ठरलं, तर ते तुमचेच आईबाबा आहेत हे तुमच्या जन्मदाखल्यावरूनच सिद्ध करावं लागेल. त्यावरचं आईचं नाव आणि तिच्या पासपोर्टवरचं नाव जुळतंय ना? आजच बघा. नोंदी माहीत असलेली माणसं गावात आहेत, तोवर दुरुस्ती सोपी असते.